सैल नळीची रायफल

बर्नडीन हुदाकला माणसांचा तिटकारा आहे, असं सँकी रन या कोळसाखाणीच्या गावात सर्रास बोललं जाई. ते तितकंसं खरं नव्हतं. माणसं गप्प असली तर तिला चालत. निम्मं आयुष्य तिने शाळेची बस हाकण्यात घालवलं होतं. मागे पोरं कोकलताहेत, खाली बर्फ, आणि खाणीकडून उतरणारा तो वळणावळणाचा रस्ता. त्यावरून बस खाली आणणं म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही, त्याने आपल्या कपाळावरच्या आठ्यांबद्दल तोंड उघडू नये, असं तिचं म्हणणं. आता ती पोरं बाप्ये झाली, टक्कल पडायला लागलं, तरी दुकानात ती समोर दिसली की त्यांचे हात आपोआप खिशाबाहेर येत.

नवरा अँडी खाणीत होता. निवृत्त झाला आणि फुप्फुसांनी फार दिवस साथ दिली नाही. त्यानंतर बर्नडीनच्या घरात रेडिओ, एक चिडका बोका आणि निजायच्या खोलीतलं पोलादी कपाट एवढंच उरलं. कपाटात रायफली होत्या, आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या: सॅव्हेज ९९. त्यातली पहिली तिने लग्नाआधी, शर्टांच्या कारखान्यात शिलाईला असताना, हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या तोंडावर स्वतःच्या पगारातून घेतली होती. इतर रायफलींचं यंत्र बाहेर लोंबतं. हिचं सगळं पोटात. खालची दांडी पुढे ढकलली की नवी गोळी वर येते, आणि बाजूला शेंगदाण्याएवढी एक खिडकी आहे, तिच्यात पितळी आकडा फिरतो. आत किती गोळ्या उरल्यात ते तो सांगतो. "खरं बोलणारं एवढं एकच यंत्र पाहिलं मी," बर्नडीन म्हणायची. मोटारीचा पेट्रोलचा काटासुद्धा तिच्या मते लबाड होता.

तिच्या कपाटात एकच उणीव होती. या जातीत एक जुना प्रकार निघत असे, मधोमध वेगळा होणारा. नळीखालचं लाकूड काढायचं, नळी फिरवायची, की रायफलीचे दोन तुकडे. आगगाडीने शिकारीला जाणारे लोक ती बॅगेत घालून नेत. तशी एक रायफल सँकी रनमध्येच होती, आणि ती मर्ल स्टिफलरच्या दुकानात भिंतीवर टांगलेली होती.

मर्ल तिच्या थोरल्या भावाच्या वर्गातला. त्याच्या दुकानात पूर्वी न्हावी बसायचा. न्हावी गेला तरी आरसे तसेच राहिले, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपला पडलेला चेहरा तीन बाजूंनी बघायला मिळे. शेगडीजवळच्या खुर्चीत योश नावाचा म्हातारा खाणकामगार सकाळपासून कॉफी पीत बसलेला असे. त्याने त्या दुकानातून कधी काडतुसाची डबीसुद्धा घेतली नव्हती, पण मत त्याचं प्रत्येक व्यवहारावर होतं.

"मर्ल, या रायफली विकायला ठेवल्यात की दर्शनाला?" बर्नडीन विचारायची.

"चिठ्ठीवर किंमत आहे की."

"अडीच हजार! तो आकडा तू लिहिलास की तुझ्या मांजराने?"

"माझ्याकडे काय आहे ते मला माहीत आहे, बर्नडीन."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. चिठ्ठीवर 'सर्व मूळ' असंही लिहिलं होतं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. कमी तो एक डॉलरही करत नसे. मात्र आपली एखादी रायफल त्याच्याकडे विकायला न्या, की त्याचा सूर बदले. "या दांडीवाल्या जुन्या रायफली आता कोण घेतं गं?" असं म्हणून तो इतकी खिन्न मान हलवी, की जणू तुमच्या घरात कुणी गेलंय. घेताना भंगार आणि देताना हिरा. बर्नडीनच्या मते दुकानदार नावाच्या प्राण्याची एवढीच अक्कल असते, आणि ती त्याला आईच्या पोटातूनच मिळते.

शेवटी भाचीने तिला फोनवर लिलावाची एक साइट काढून दिली. तिथे देशभरच्या रायफली होत्या. बर्नडीनने चष्मा चढवला आणि आठवडाभरात तिचं मत झालं की मर्ल त्यातल्या त्यात सज्जन आहे.

तिथला प्रत्येक विकणारा एकच मजकूर लिहायचा: आजोबांची रायफल, मला बंदुकीतलं काही कळत नाही, परत घेणार नाही. "काही कळत नाही म्हणे," ती बोक्याला सांगायची, "पण 'परत घेणार नाही' एवढं बरोबर कळतं मेल्याला." 'अतिदुर्मिळ' म्हणून एकाच पानावर अर्धा डझन रायफली असायच्या. फोटो फुलाफुलांच्या चादरीवर काढलेले; एकात कुत्र्याची शेपटी, दुसऱ्यात कुणाच्या तरी पायाचा अंगठा. रायफलीचा नंबर विचारला तर खोक्याचा फोटो पाठवत. सरळ प्रश्न विचारला तर 'देव तुमचं भलं करो' असं उत्तर येई.

तरी तिने एक घेतली. अशा रायफली बघून बघून माणसाला भूक लागते, आणि भुकेल्या माणसाला चादरीवरची फुलं दिसत नाहीत.

आता कायदा असा की परराज्यातून मागवलेली बंदूक घरपोच येत नाही. ती परवानेवाल्या दुकानदाराकडे येते. तो खोकं उघडतो, फोन लावून तुमची चौकशी करतो, आणि आपली हमाली घेऊन माल तुमच्या हातात देतो. त्या खोऱ्यात परवानेवाला एकच होता.

"योश, ये रे, ये! बर्नडीनचा नवरदेव आलाय!" मर्लने हाक मारली आणि चाकूने खोकं फाडलं. वर्तमानपत्राच्या बोळ्यांतून रायफल बाहेर आली. लाकडी दस्त्याला मुठीपाशी चांगली बोटभर फाट होती.

"फोटोत दुसरी बाजू होती वाटतं," मर्ल म्हणाला.

"माझ्या मेव्हणीने लग्नाच्या साइटवर असाच फोटो लावलाय," योश म्हणाला. "एकाच बाजूचा."

बर्नडीनने हमालीचे पैसे काउंटरवर ठेवले आणि खोकं उचललं. विकणाऱ्याला तिने चार कडक ओळी लिहिल्या. 'फोटो नीट बघायचे होते' असं त्याने कळवलं आणि शुभेच्छा दिल्या.

दुसरी रायफल ओहायोच्या एका माणसाकडून आली. त्याने 'कारखान्यातली मूळ निळाई' अशी शपथ घेतली होती. जुन्या पोलादावरची ती काळसर निळी झाक एकदा गेली की पुन्हा चढवता येते, पण मग त्या रायफलीला संग्राहक विचारत नाहीत. मर्लने ती बाहेर काढली, न्हाव्याच्या आरशासमोर धरली आणि स्वतःच्या चार केसांवरून कंगवा फिरवल्यासारखं केलं.

"बर्नडीन, हिच्यात भांग पाडता येईल गं!"

योश इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. नळीवरची अक्षरं घासून घासून पुसट झाली होती, वर नवीन निळाई आरशासारखी चकाकत होती.

"माझ्याकडून घेतली असतीस तर हे झालं नसतं," मर्ल म्हणाला.

"तुझ्याकडून घेण्यासाठी मला आधी घर विकावं लागेल."

"घरालाही तुझ्या फारसं कुणी विचारणार नाही. नळ गळतात म्हणे."

ती खोकं घेऊन बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिला मर्लपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. खोटं ओळखायला आपण काही आज शिकलो नाही, आणि तरीही फसलो. पण हा राग तिने कुणाला दाखवला नाही.

त्या हिवाळ्यात मर्ल चर्चच्या मागच्या दारी बर्फावरून घसरला. हातात पिरोगीचा, म्हणजे बटाटा नाहीतर कोबी भरून उकडलेल्या करंज्यांचा, ट्रे होता. लोक सांगत की ट्रे वाचवायच्या नादात त्याने कंबरेचं हाड मोडून घेतलं. त्याला आल्टूनाच्या इस्पितळात हलवलं. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे चालायला शिकवणाऱ्या एका केंद्रात त्याला ठेवलं. दुकान सांभाळायला त्याचा जावई आला.

जावयाचं नाव ट्रेंट. पिट्सबर्गकडे तो अंगणात बसवायचे गरम पाण्याचे टब विकायचा. सँकी रनच्या चिखलात पांढरे शुभ्र बूट घालून आला. पहिल्याच दिवशी त्याने योशची खुर्ची मागच्या खोलीत टाकली. 'खुर्चीमुळे लोक बसतात, घेत नाहीत,' असं त्याचं शास्त्र.

"मला म्हणतो, काका, इथे पैसा भिंतीवर टांगून ठेवलाय," योश बर्नडीनला सांगत होता. ती दोघं टपालकचेरीबाहेर उभी होती. "सगळं ऑनलाइन लावणार म्हणे. सासऱ्याने सांगितलं होतं, पडून राहिलेलं चारदोन काढ. हा भिंतच काढतोय."

"मर्लला माहीत आहे?"

"मर्लला सध्या स्वतःचा पाय कुठे आहे तेही माहीत नाही."

दोनच दिवसांनी सकाळी न्याहारी करता करता बर्नडीनला ती रायफल साइटवर दिसली. ओळखायला वेळ लागला नाही. मागे न्हाव्याचा आरसा होता आणि आरशात ट्रेंट, हनुवटीशी फोन धरून उभा. नळीखालचं लाकूड काढून बाजूला ठेवलं होतं. खाली मजकूर होता: जुनी रायफल. रंग तपकिरी. नळी सैल आहे, फिरते, धोकादायक. फक्त सुट्या भागांसाठी. सासऱ्यांची. मला बंदुकीतलं काही कळत नाही. परत घेणार नाही.

बर्नडीनने पाव खाली ठेवला. 'रंग तपकिरी' हे तिने दोनदा वाचलं. आयुष्यात तिने बरीच मूर्ख माणसं बघितली होती, पण रायफल विकताना तिचा रंग सांगणारा हा पहिलाच. तिने दोन बोटांनी टकटक करत त्याला लिहिलं: 'ती नळी सैल नाही. वेगळी व्हावी म्हणून मुद्दाम तशी केलेली आहे. मजकूर दुरुस्त करा. सासऱ्यांना विचारा. बर्नडीन हुदाक.'

उत्तर लगेच आलं. 'मॅडम, इतकं कळतं तर बोली लावा ना. फुकटचे सल्ले नकोत.' खाली एक हसरा पिवळा चेहरा.

मर्लच्या केंद्राचा नंबर तिच्याकडे होता. चर्चच्या बायकांनी कार्ड पाठवलं तेव्हा तिनेच तो मिळवला होता. फोन करावा का, यावर तिने खरंच विचार केला. मग तिला मर्लने आरशासमोर पाडलेला तो भांग आठवला. आपण दुकानाला सांगितलं, दुकानाने हसरा चेहरा पाठवला. आता मर्ल जाणे आणि त्याचा जावई जाणे. तिने बोली लावली. समोर कुणी तरी सुट्या भागांचा व्यापारी होता, तो लवकरच गळला. तीनशे दहा डॉलरला रायफल तिची झाली.

पण परवाना मर्लच्या नावावर असल्याने माल तो आल्याशिवाय हातात मिळणार नव्हता. तिने वाट पाहिली. बर्फ वितळला, नाल्याला पाणी आलं, आणि एका सकाळी मर्ल चालताना आधाराला धरायचा चौपायी सांगाडा पुढे ढकलत दुकानात परतला. बर्नडीन दार उघडून आत गेली तेव्हा ट्रेंट काउंटरला रेलून फोन बघत होता आणि योश उभ्याउभ्याच कागदी पेल्यातून कॉफी पीत होता.

"आज कुठलं रद्दीचं खोकं आलंय तुझं?" मर्लने विचारलं. तो वाळला होता, पण जिभेला काही झालं नव्हतं.

"खोकं नाही. इथलीच आहे. तुझ्या भिंतीवरची."

"हां, ती सैल नळीवाली, पप्पा," ट्रेंट मान वर न करता म्हणाला. "तीनशे दहा आले. भंगाराच्या मानाने मस्त."

"कुठली सैल नळीवाली?"

मर्ल सांगाड्यासकट हळूहळू वळला आणि भिंतीकडे बघत राहिला. खिळ्यांखाली रायफलीच्या आकाराचा फिकट पट्टा तेवढा उरला होता.

"ट्रेंट, बाळा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुझ्या गाडीचं दार उघडलं, तर गाडी मोडली म्हणून विकून टाकशील का रे?"

"पप्पा, नळी गरागरा फिरत होती!"

"फिरणारच! त्यासाठीच ती केलीय! टबात बसून बसून तुझ्या डोक्यात पाणी गेलंय का?" मग तो बर्नडीनकडे वळला. "तुला माहीत होतं."

"होतं."

"मला फोन करता आला असता."

"दुकानाला लिहिलं होतं." तिने फोन त्याच्यापुढे धरला.

मर्लने तो हातभर लांब धरून वाचला. वाचताना ओठ हलत होते. मग त्याने विचारलं, "हे पिवळं थोबाड कुणी काढलंय?"

"ते... सगळेच टाकतात, पप्पा," ट्रेंट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बर्नडीन भांडायच्या तयारीने आली होती. रात्रभर तिने उत्तरं घोळवली होती. पण मर्लने फोन परत दिला, सांगाडा सोडून काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि छाती पुढे काढली. "विकलं ते विकलं. दुकानाच्या नावाने सौदा झाला, दुकान तो पाळणार. स्टिफलरचा शब्द आहे." योशने मान डोलावली. बर्नडीनला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

मर्लने चौकशीचा फोन लावला, होकार आला, त्याने कागदावर सही केली. मग त्याने हात पुढे केला.

"हमाली."

"काय?"

"माझी हमाली. ऑनलाइन घेतलीस ना? ऑनलाइनच्या मालाला हमाली पडते."

"अरे, तुझ्याच भिंतीवरची रायफल आहे ती!"

"मग खिळ्यावरून खाली फुकट काढतात होय?"

तिने पैसे आपटले आणि रायफल घेऊन घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून तिने ती ठेवली. लाकूड काढलं, नळी फिरवली, दोन तुकडे अलगद वेगळे झाले. पुन्हा जोडले. दांडी पुढे ढकलून मागे घेतली, खिडकीतला पितळी आकडा इमानाने शून्यावर होता. ती एकटीच हसली. तासभर तिने त्या रायफलीला इकडून तिकडून नुसतं पाहिलं.

मग तिने स्क्रू ड्रायव्हर घेतला. या रायफलींचा नंबर पोलादावर असतो, आणि तोच कारखान्यात दस्त्याच्या टोकाला, लोखंडी पट्टीखाली, ठोकलेला असतो. नळीखालच्या लाकडाच्या आतही असतो. मर्ल आपल्या मालाला कुणाला स्क्रू ड्रायव्हर लावू देत नसे. आधी पैसे, मग स्क्रू, असं त्याचं. पट्टी सुटली. दस्त्यावरचा नंबर पोलादावरच्या नंबराशी जुळत नव्हता. पुढच्या लाकडातला नंबर दस्त्याशी जुळला, पोलादाशी नाही. पोलाद एका रायफलीचं होतं आणि सगळं लाकूड दुसऱ्याच कुठल्या तरी रायफलीचं.

'सर्व मूळ'. खाली दोन रेघा.

आता तिच्या लक्षात आलं की दुकानाचा शब्द इतक्या थाटात का पाळला गेला. अशी जोडलेली रायफल तीनशेला काही महाग नव्हती, पण चिठ्ठीवरच्या आकड्याच्या वाऱ्यालाही ती उभी राहिली नसती. गिऱ्हाईक स्क्रू काढण्याआधीच पळून जाईल एवढी किंमत त्याने मुद्दामच लावून ठेवली असावी. वर हमाली घेतली. आणि आपण? टेनेसीच्या कुठल्या चादरीवर ही दिसली असती तर आपण आधी नंबरांचे फोटो मागितले असते, विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मर्लच्या भिंतीवर होती म्हणून वर्षानुवर्षं मान वर करून नुसती चिठ्ठी वाचत राहिलो. "बावळट," ती मोठ्याने म्हणाली. बोक्याला वाटलं आपल्यालाच म्हटलं, तो उठून गेला.

आठवडाभर ती दुकानाकडे फिरकली नाही. मग गेली. ट्रेंट आपल्या टबांकडे परतला होता आणि योशची खुर्ची शेगडीजवळ परत आली होती.

"काय म्हणते रायफल?" मर्लने विचारलं. त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू दबा धरून बसलं होतं.

"झकास."

"स्क्रू बिक्रू काढून बघितलेस?"

"बघितले."

"मग? नंबर?"

योशने पेला खाली केला. बर्नडीनने हातमोजे सावकाश काढले, एकावर एक ठेवले. "जुळले."

मर्लचं हसू जागच्या जागी थिजलं. "जुळले?"

"तिन्ही जुळले. तुझी चिठ्ठी अगदी खरी निघाली, मर्ल. सगळं मूळ. मी उगाच इतकी वर्षं तुला नावं ठेवली."

मर्लने तोंड उघडलं. बर्नडीन शांतपणे वाट बघत राहिली. तू खोटं बोलतेस, असं त्याला म्हणायचं होतं ते तिला स्वच्छ दिसत होतं. आणि ते म्हणायचं तर आपल्याला कसं ठाऊक हेही सांगावं लागेल, तेही योशच्या देखत, हेसुद्धा त्याला उमगताना दिसत होतं. त्याने तोंड मिटलं.

"तिन्ही नंबर जुळलेली वेगळी होणारी रायफल," योश हळूच म्हणाला, "तीनशे दहाला? मर्ल, अरे तू म्हातारा झालास रे!"

"जावयाने विकली," मर्ल कसाबसा म्हणाला.

"आणि तू सही केलीस! वर शब्द देऊन! मी इथेच उभा होतो."

बर्नडीनने काडतुसांची एक डबी घेतली, चिठ्ठीवरची किंमत घासाघीस न करता मोजली आणि निघाली. पुढचं काम योशवर सोडायला हरकत नव्हती. त्याला गावभर फिरायला शेगडीजवळची खुर्ची पुरे होती.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोगी खायला सगळं गाव जमलं तेव्हा बातमी प्रत्येक टेबलावर पोचलेली होती. बायका बर्नडीनचा हात दाबत होत्या. पुरुष मर्लच्या पाठीवर थापा मारत विचारत होते, बाकीच्या रायफली कधी काढतोस, पोरांना पाठवतो. मर्ल मान खाली घालून कांदा-लोण्यातली पिरोगी काट्याने तुकडे तुकडे करत होता. बर्नडीन वाढप करत त्याच्या टेबलापाशी आली.

"अजून वाढू?"

"कोबीची आहे का?"

"आहे."

"वाढ," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, तिच्याकडे न बघता, "लबाड आहेस तू, बर्नडीन."

"तू सिद्ध कर," ती म्हणाली, त्याच्या ताटात दोन वाढल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेली.